तिसऱ्या दिवसाची गोळी

पत्र

मावशी, आई ५२ वर्षांची आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि बारा दिवसांपूर्वी पहिली केमो दिली, त्यात ते लाल रंगाचं औषध होतं. त्या दिवशी काहीच त्रास झाला नाही. रात्री व्यवस्थित जेवली, आम्ही निश्चिंत झालो. घरी घ्यायला दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या होत्या. आई म्हणाली, उलटी नाहीच तर उगाच कशाला आणखी गोळ्या? त्यातल्या एकीचं नाव भावाने मोबाईलवर शोधलं तर ती मानसिक आजाराची निघाली, म्हणून ती आम्ही बाजूलाच ठेवली. दुसऱ्या रात्रीपासून सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मी अकरा उलट्या मोजल्या, पुढे मोजणं सोडलं. गोळी दिली की पाच मिनिटांत बाहेर. चौथ्या दिवशी सलाईन लावायला न्यावं लागलं. आता नऊ दिवसांनी दुसरी केमो आहे आणि आई म्हणते, मला नको ती. काल मी हाताला सॅनिटायझर लावलं, त्या वासानेच तिला उमासे आले. नातेवाईक सांगतात, उलट्या होतायत म्हणजे औषध लागू पडतंय, सोसायला हवं. हे खरं आहे का? आणि या वेळी मी काय वेगळं करू?

— रात्री जागणारी मुलगी

उत्तर

आधी नातेवाइकांचं बघू, कारण ते वाक्य आईच्या कानावर रोज पडत असणार. ते खरं नाही. उलट्या किती होतात आणि गाठीवर औषध किती काम करतं, यांचा एकमेकांशी संबंध नाही. एकही उलटी न होता ज्यांची केमो उत्तम लागू पडली अशी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. उलटीवाटे 'विष बाहेर पडतं' हेही तसंच. औषध शिरेतून रक्तात गेलेलं असतं, ते बाहेर पडतं मुख्यतः लघवीतून आणि शौचावाटे. उलटीतून बाहेर पडतं ते आईचं पाणी, क्षार आणि ताकद. उलट्यांनी माणूस इतकं गळून गेलं की पुढची केमो लांबवावी लागते, हे मात्र मी अनेकदा पाहिलंय. म्हणून सोसण्यात काही कमाई नाही. हे आईला तू सांग, आणि तिच्यासमोर डॉक्टरांच्या तोंडूनही वदवून घे.

आता त्या तीन दिवसांत काय झालं ते सांगते. त्यात तुझ्या वाट्याला दोष येत नाही; घरोघरी हेच होतं.

केमोची उलटी दोन वेगळ्या वाटांनी येते. पहिली वाट पोटातून. औषधाने लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी दुखावतात आणि त्यांच्यातून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं. ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूला चेतवतं आणि 'उलटी कर' हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रापर्यंत जातो. हा खेळ मुख्यतः पहिल्या २४ तासांचा. याला अडवणारं औषध म्हणजे ऑन्डॅन्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन. केमोच्या आधी सलाईनमधून जी इंजेक्शनं दिली, त्यात यातलं एखादं नक्की असणार. म्हणून आई त्या रात्री जेवली.

दुसरी वाट थेट मेंदूतली. तिथे 'सबस्टन्स पी' नावाचं दुसरंच रसायन काम करतं. हिचा जोर २४ तासांनंतर चढतो, बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि पाच दिवसांपर्यंत टिकू शकतो. आईच्या केमोतलं लाल औषध म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन, आणि त्याच्या जोडीला बहुतेक वेळा सायक्लोफॉस्फमाइड असतं. या दुसऱ्याची मळमळ मुळातच बरेच तास उशिरा सुरू होते. म्हणजे पहिल्या दिवसाची ती शांतता इंजेक्शनांची होती. घरच्या गोळ्या पुढच्या दिवसांसाठी होत्या, आणि त्या पाकिटातच राहिल्या.

मला यात राग येतो तो सांगण्याच्या पद्धतीचा. पाकिटावर 'एक गोळी, दिवसातून दोनदा' एवढंच लिहून माणसाला घरी पाठवलं तर तो काय समजणार? 'आज बरं वाटेल, उद्याही कदाचित वाटेल, तरी गोळी चुकवू नका, ती परवासाठी आहे' हे एक वाक्य कुणीतरी समोर बसून बोलायला हवं. मी स्वतः कॅन्सर वॉर्डात सव्वीस वर्षं सिस्टर होते आणि पहिली कित्येक वर्षं हे वाक्य मीसुद्धा बोलले नव्हते. एक पंचावन्न वर्षांच्या बाई आमच्याकडे चार केमोंना आल्या. दर वेळी मी विचारायचे, 'बरं आहे ना?' आणि त्या हसून 'हो' म्हणायच्या. चौथ्या वेळी हाताची शीर शोधताना माझ्या लक्षात आलं की त्यांची बांगडी कोपरापर्यंत वर सरकतेय. विचारलं तेव्हा कळलं, प्रत्येक केमोनंतर तीन दिवस त्या न्हाणीघरात जमिनीवर बसून काढत होत्या. सांगितलं का नाही, तर म्हणाल्या, 'तुम्ही विचारलंत तेव्हा मी बरीच होते.' खरंच होतं ते. पुढच्या केमोच्या वेळी, एकविसाव्या दिवशी विचारलं तर कुणीही बरंच असतं. त्यानंतर मी प्रश्न बदलला: 'तिसऱ्या दिवशी किती उलट्या झाल्या? पाणी ठरलं का?'

आता त्या 'मानसिक आजाराच्या' गोळीकडे येते. ती ओलँझापिन असणार. भावाने शोधलं ते चूक नाही, ती गोळी मुळात त्याच आजारांसाठी आली. पण उलटीच्या केंद्राला चेतवणारे एकाहून अधिक निरोप ती एकटी अडवते, आणि नुसत्या मळमळीवर तिच्याइतकी उपयोगी पडणारी गोळी दुसरी क्वचितच आहे. उलटी थांबवणारी औषधं बरीच आहेत. उलटी थांबूनही दिवसभर जे ढवळत राहतं त्याला ही हात घालते. २०१६ साली मोठ्या अभ्यासातून हे समोर आलं आणि जास्त उलटी करणाऱ्या केमोसाठी ती नेहमीच्या औषधांत सामील झाली. एका केमोमागे साधारण चार दिवसच घ्यायची असते, त्यामुळे सवय लागण्याची भीती धरू नका. तिची एक खोड आहे: झोप फार येते. म्हणून ती बहुधा रात्री देतात. आई रात्री लघवीला उठेल तेव्हा तिला हात दे, झोपेत तोल जाऊन पडायला नको. फारच गुंगी येत असेल तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना डोस कमी करता येईल का ते विचारा. १० मिलिग्रॅमऐवजी ५ किंवा २.५ मिलिग्रॅमवरही अनेकांचं भागतं.

या गोळीसोबत घरात पडलेली दुसरी कुठलीही उलटीची गोळी आपल्या मनाने देऊ नकोस. मेटोक्लोप्रमाइडसारखी जुनी औषधं हिच्याबरोबर घेतली तर अंग ताठ होणं, बेचैनी असे त्रास वाढू शकतात.

डॉक्टरांशी दुसऱ्या केमोच्या सकाळी बोलायचं नाही. उद्याच फोन कर किंवा भेट. त्या सकाळी रांग असते, औषधं तयार करायला गेलेली असतात, तेव्हा बदल करायला कुणालाच सवड नसते. जाताना असं कागदावर लिहून ने: केमोनंतर पहिली उलटी कितव्या तासाला झाली, तिसऱ्या दिवशी किती झाल्या, कुठल्या गोळ्या दिल्या आणि कुठल्या दिल्याच नाहीत. हे शेवटचं लपवू नकोस. गोळ्या घेऊनही उलट्या झाल्या असं त्यांना वाटलं तर ते औषधं वाढवतील. न घेता झाल्या हे कळलं तर आधी ठरलेलं नीट घ्यायला लावतील. दोन्हींत फार फरक आहे.

आणि हे विचार: 'सबस्टन्स पी' अडवणारं औषध, म्हणजे ॲप्रेपिटंट किंवा त्याच्या कुळातलं, आईला दिलं होतं का? आईसारख्या केमोला उलटीच्या दृष्टीने सगळ्यात वरच्या वर्गात धरतात. प्रतिबंधक औषध दिलं नाही तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक लोकांना उलटी होते, तो हा वर्ग. यासाठी चार औषधं एकत्र द्यावीत असं मानलं जातं: सेरोटोनिनला अडवणारं एक, सबस्टन्स पीला अडवणारं एक, डेक्सामिथासोन नावाचं स्टिरॉइड आणि ओलँझापिन. ॲप्रेपिटंट कधी केमोच्या दिवशीच शिरेतून देतात, कधी तीन दिवसांच्या कॅप्सूल असतात. त्यातली पहिली कॅप्सूल केमोच्या साधारण तासभर आधी. आई रक्त पातळ करणारी किंवा इतर रोजची औषधं घेत असेल तर ती सगळी दाखव, कारण ॲप्रेपिटंटमुळे काही औषधांचा परिणाम बदलतो. साखरेचा त्रास असेल तर डेक्सामिथासोनने ती चढते, तेही आधीच सांग. हे स्टिरॉइड घरी द्यायचं असेल तर सकाळी खाण्यासोबत. संध्याकाळी दिलं की रात्रभर डोळा लागत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत मी पाहिलेलं सांगू का? तेव्हा सिस्प्लॅटिन या फार उलट्या करणाऱ्या केमोच्या पेशंटच्या कॉटखाली आम्ही सकाळीच भांडं ठेवायचो, एक भरलं की दुसरं. ऑन्डॅन्सेट्रॉनला अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळाली आणि आमच्याकडे ते पोचल्यावर पहिल्यांदा एका पेशंटने सिस्प्लॅटिन चालू असताना वर्तमानपत्र वाचलं. आम्ही दोघी सिस्टर दारात उभ्या राहून बघत होतो. २००३ साली ॲप्रेपिटंट आलं आणि तिसऱ्या दिवसालाही धरता येऊ लागलं. इतकी औषधं हाताशी असताना कुणी न्हाणीघरात बसून तीन दिवस काढावेत हे मला सहनच होत नाही. सगळ्यांच्या उलट्या शून्यावर येतात असं मी म्हणणार नाही, पण अकराच्या दोन झाल्या तरी आईची दुनिया बदलेल.

दुसरी केमो झाल्यावर गोळ्या घड्याळाने द्यायच्या. आईला बरं वाटतंय की नाही हे विचारून नाही. मोबाईलवर गजर लाव. एक पेशंट होते, त्यांची बायको वहीत चार रकाने आखायची: वेळ, कुठली गोळी, मळमळ दहापैकी किती, पोटात काय ठरलं. तिसऱ्या केमोपर्यंत त्या वहीवरून डॉक्टरांना नेमकं दिसलं की दुपारी चारच्या सुमाराला मळमळ सातवर जाते, आणि गोळीची वेळ दोन तास अलीकडे आणल्यावर ती तीनवर आली. तूही वही कर. मळमळ आणि उलटी वेगळी लिही. उलटी झाली नाही म्हणजे त्रास नाही असं नसतं, आणि मळमळीबद्दल माणसं आपणहून बोलत नाहीत.

गोळी पाच मिनिटांत बाहेर येत होती त्यावरही उपाय आहेत. जिभेवर विरघळणारी गोळी मिळते, त्वचेवर लावायची पट्टी मिळते, शौचाच्या जागी ठेवायचं औषधही असतं. 'गिळलेलं ठरलं नाही तर काय द्यायचं' हे औषध आधीच लिहून घे आणि घरात आणून ठेव. गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती परत द्यायची का, हेही आताच विचारून ठेव, म्हणजे रात्री दोनला प्रश्न पडणार नाही.

सॅनिटायझरच्या वासाने उमासे आले, ही गोष्ट मला तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली. आई नाटक करत नाही आणि मनाने कच्चीही नाही. मेंदूने तो वास आणि त्या तीन रात्री एकत्र बांधून टाकल्या आहेत. काहींना हॉस्पिटलच्या वळणावर गाडी आली की ढवळतं, काहींना सिस्टरचा गणवेश दिसला की. एकदा ही गाठ पक्की झाली की नेहमीची उलटीची औषधं तिच्यापुढे फारशी चालत नाहीत, म्हणून ती आताच सैल करायला हवी. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे दुसरी केमो त्रासाशिवाय पार पडणं. दुसरी गाठ पहिलीवर बसू द्यायची नाही. डॉक्टरांना सांगितलंस तर आदल्या रात्री आणि त्या सकाळी घ्यायला लोराझेपामसारखी मन शांत करणारी गोळी ते देऊ शकतात, पण ओलँझापिनच्या जोडीने गुंगी वाढते म्हणून त्यांनी सांगितलं तरच. घरातलं सॅनिटायझर बिनवासाचं आण किंवा साबणाने हात धू. त्या दिवशी मागच्या वेळची पिशवी, साडी किंवा कपडे, पाण्याची बाटली, काहीच नको. शक्य असेल तर कॉटऐवजी खिडकीजवळची खुर्ची माग. कानात तिच्या आवडीचं काहीतरी चालू राहू दे. सावकाश श्वास घेत एकेक अवयव सैल सोडायचा सराव आजपासून रोज दहा मिनिटं दोघी मिळून करा. केमोच्या खुर्चीत बसून पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही.

प्रवासात गाडी लागणं, गरोदरपणात जास्त उलट्या झालेल्या असणं, वय पन्नाशीच्या आत असणं, बाई असणं, आधीच्या केमोत त्रास झालेला असणं, यांनी धोका वाढतो. आईला गाडी लागते का? तुझ्या वेळी तिला फार उलट्या झाल्या होत्या का? विचार तिला, आणि उत्तर डॉक्टरांना सांग. हे प्रश्न विचारले जात नाहीत, पण औषधं ठरवताना उपयोगी पडतात.

खाण्याबद्दल थोडं. केमोला उपाशीपोटी नेऊ नकोस आणि भरल्यापोटीही नको. दोन तास आधी हलकं काही. पुढचे दिवस दर दोन-तीन तासांनी चार घास. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून निवलेलं किंवा गार द्यावं. स्वयंपाक होत असताना तिला दुसऱ्या खोलीत बसव. पाणी जेवताना पोटभर नको, मध्ये मध्ये घोट घोट. खाल्ल्यावर तासभर आडवं होऊ देऊ नकोस. तोंडाला धातूची चव येत असेल तर धातूचे चमचे बाजूला ठेव. आल्याचा काहींना थोडा उपयोग होतो. स्वयंपाकातल्या प्रमाणात हरकत नाही, पण आल्याच्या गोळ्या किंवा जडीबुटीची औषधं विचारल्याशिवाय नकोत, प्लेटलेट्स कमी असताना रक्तस्रावाची भीती असते.

आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येकीला सांगते: त्या पाच दिवसांत आईचा सगळ्यात आवडता पदार्थ करू नकोस. मायेपोटी हेच केलं जातं, आणि मग त्या पदार्थाचं आणि उलटीचं नातं जुळतं. केमो संपल्यावर वर्षानुवर्षं आवडीचं ताट पुढे आलं की मान फिरवणारी माणसं मला माहीत आहेत. तो पदार्थ नंतरसाठी राखून ठेव.

ऑन्डॅन्सेट्रॉनने पोट घट्ट होतं, आणि बद्धकोष्ठता झाली की मळमळ परत वाढते. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर तेही वहीत लिही आणि कळव. केमोनंतर दोन दिवस उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घाल, कमोडचं झाकण लावून दोनदा पाणी सोड. लघवी दिवस-दोन दिवस लालसर होईल, तो त्या लाल औषधाचा रंग असतो, घाबरू नकोस.

घाबरायचं कशाला तेही सांगते. चोवीस तासांत घोटभर पाणीही ठरत नसेल, लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसत असेल, पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद असेल, किंवा जोराच्या डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील, तर वाट बघू नकोस. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, झाला तर रात्रीचे तीन वाजलेले असोत, त्याच क्षणी फोन कर. त्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी असतात, ताप सकाळपर्यंत थांबत नाही. मागच्या वेळी तू चौथ्या दिवशी नेलंस. या वेळी दुसऱ्या दिवशीच दोन गोळ्या बाहेर पडल्या तरी फोन कर. रात्रीचा फोन नंबर कोणता आणि तो कोण उचलतं, हे उद्याच विचारून फ्रिजवर चिकटव.

आईला केमो नको वाटतेय त्याबद्दल तिच्याशी वाद घालू नकोस. तिला नको आहेत त्या तीन रात्री. तिला एवढंच सांग की त्या तीन रात्रींसाठी या वेळी काय काय वेगळं ठरलंय, आणि वहीचं पहिलं पान तिच्यासमोर आख.

तिसऱ्या दिवसाच्या रात्री, आई झोपल्यावर, मला दोन ओळी लिही. गोळ्या किती वाजता दिल्यास तेही लिही.

— तुझी मावशी